जुळाऱ्याचे खण

मंगळवार, ११ मार्च. सकाळी सहाला उठले. उजवा गुडघा ठीक. नळाला पाणी बारीक होते, म्हणून कपडे उद्यावर टाकले. फडताळ पुसताना काचेची मोठी बरणी हातातून सुटून फुटली. रिकामी होती, तेवढे बरे. काचा वेचून चौपदरी कागदात गुंडाळल्या, दोरीने बांधल्या. दुपारी महिन्याची रद्दी लावली. चार गठ्ठे झाले. थोरलीचा फोन, नातीला चष्मा लागला. ऊन उतरल्यावर चाकांच्या पिशवीतून पाच गठ्ठे शेडमध्ये नेऊन कागदाच्या खणात ठेवले. जुळारीभाऊ भेटले नाहीत, दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते.

गेली चोपन्न वर्षे मी रोज अशी नोंद करते. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय. दिवसात जे झाले ते आधी लिहायचे, आपल्याला काय वाटले ते जागा उरली तर. माझ्या वह्यांत जागा सहसा उरत नाही.

वरच्या नोंदीत एक चूक लपलेली आहे. ती माझ्या ध्यानात यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत एका माणसाने माझ्यासाठी जे केले, ते नुसते दैनंदिनीत ठेवणे मला बरे वाटेना. म्हणून हे वेगळे लिहायला घेतले.

आमची गल्ली सव्वीस घरांची. टोकाला जुनी दगडाची खाण आहे. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सगळ्या गल्लीचा कचरा त्या खाणीत जायचा आणि संध्याकाळी तो कुणीतरी पेटवायचे. कोण, ते कधी कळले नाही, कारण विचारले की सगळेच कानांवर हात ठेवायचे. ह्यांना दम्याचा त्रास. त्या काळातल्या माझ्या वह्या काढल्या तर पानापानावर एकच ओळ आहे: पाचला खिडकी लावली. धूर.

नऊ वर्षांपूर्वी गावातला शेवटचा छापखाना बंद पडला आणि त्यात अडतीस वर्षे काम केलेला एक जुळारी घरी बसला. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे, एकेक अक्षर, हाताने उचलून ओळी उभ्या करणारा माणूस. नव्या यंत्रांपुढे तो छापखाना इतकी वर्षे टिकला हेच नवल. भाऊ घरी बसले म्हणजे खरे तर बसले नाहीत. त्यांची बायको आधीच गेलेली, मुलगी पोस्टात नोकरीला. रिकाम्या घरात त्यांना बोटे आवरेनात. एक दिवस गल्लीच्या सुरुवातीला जी सायकलींची पडकी शेड होती, ती त्यांनी झाडून काढली. मग गल्लीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जाऊन म्हणाले, "गावाची कचऱ्याची लॉरी दर पंधरा दिवसांनी बाजारापर्यंत येते. वेगळा केलेला, स्वच्छ माल असेल तर इथवर येईल का, विचारा."

सेक्रेटरींनी विचारले. लॉरी येईल असे कळले. सेक्रेटरी म्हणाले, "पण वेगळा करणार कोण?"

भाऊ म्हणाले, "जन्मभर दुसरं काय केलं मी?"

त्याचा अर्थ मला पुढे कळला. छापून झाले की जुळवलेला मजकूर मोडायचा असतो. प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या कामात भलतेच अक्षर उमटते. लोकांना वाटते जुळारी म्हणजे जुळवणारा. भाऊ म्हणायचे, अर्धा जन्म तर परत जागेवर टाकण्यात जातो.

शेडमध्ये त्यांनी फळ्यांचे खण केले, तेही छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीसारखे. जे अक्षर जास्त लागते ते हाताशी, जे क्वचित लागते ते दूर. म्हणून कागद आणि दुधाच्या पिशव्या समोर, कंबरेच्या उंचीवर. डबे त्यांच्या डावीकडे. काच खाली, जमिनीलगत, कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून. संपलेल्या बॅटऱ्या वर कोपऱ्यात, जिथे मुलांचा हात पोचत नाही. ओला कचरा शेडमध्ये येऊच द्यायचा नाही, त्याच्यासाठी मागे दोन खड्डे, आणि एकातले खत झाले की दुसरा सुरू.

आम्हाला हे शिकवताना त्यांच्या नाकी नऊ आले. सतरा नंबरचे गृहस्थ, जे गल्लीत कुणाचेच ऐकत नाहीत, ते तेलाने माखलेला खोका घेऊन आले की भाऊ तो उलटा धरून त्याच्यावरचा मजकूर वाचून दाखवायचे. खिळ्यांवर अक्षर उलटेच असते, त्यामुळे उलटी अक्षरे त्यांना सुलट्यांपेक्षा पटकन वाचता येत.

"तेलकट आहे, साहेब. कागदात चालत नाही."

"अहो, एवढासा डाग."

"एवढासा डाग शंभर कागदांना लागतो. छापखान्यात आमच्या शाईचं तेच होतं. घरी घेऊन जा, फाडून खड्ड्यात टाका."

"माझाच खोका मला परत?"

"तुमचाच आहे म्हणून तर."

सतरा नंबर महिनाभर त्यांना पाण्यात पाहत होते. पण खोका फाडून आणू लागले.

कचऱ्यावरून माणसाचे सगळे कळते. कुणी साखर सोडली, कुणाला कोणते औषध सुरू झाले, कुणाच्या घरात पत्रे न उघडताच टाकली जातात. भाऊंना हे सगळे कळत असणार, पण त्यांच्या तोंडून नऊ वर्षांत एक शब्द बाहेर पडला नाही. एकदा मी सहज म्हटले तर म्हणाले, "वहिनी, आम्ही शाळांच्या प्रश्नपत्रिका जुळवायचो. माझ्या मुलीच्या वर्षीचा गणिताचा पेपर मी जुळवला. ती शेजारच्या खोलीत भलतीच गणितं सोडवत बसलेली मला ऐकू येत होती."

"मग?"

"मग काय, नापास झाली. पुढे कळलं तिला, तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलली नाही."

सहा वर्षांपूर्वी हे गेले. त्या आठवड्यात मी ह्यांची औषधे, कागद, कपाटातल्या बारीकसारीक वस्तू तीन पिशव्यांत भरून शेडमध्ये नेऊन ठेवल्या. मला त्या घरात बघवत नव्हत्या. दोन दिवसांनी भाऊ दारात उभे राहिले. हातात ह्यांच्या चष्म्याचे घर. आत ह्यांच्या अक्षरात आमचा पत्ता आणि खाली लिहिलेले: सापडल्यास कृपया परत करावे.

"हे चुकून आलं असेल," ते म्हणाले. "चुकून नसेल तर उद्या परत द्या, मी योग्य खणात टाकीन."

मी ते उद्या परत दिले नाही. अजून फडताळात आहे.

आणि एवढेच नाही. शेड सुरू झाल्यावर खाणीत जायला काही उरेना, त्यामुळे पेटवायलाही काही उरले नाही. ह्यांच्या शेवटच्या तीन वर्षांत आमची खिडकी संध्याकाळी उघडी राहायची. हे खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे आणि समोरच्या झाडावरच्या कावळ्यांना नावे ठेवायचे. त्या तीन वर्षांसाठी मी कुणाची ऋणी आहे, ते मला नेहमीच ठाऊक होते.

आता तेरा मार्चचे. त्या गुरुवारी लॉरी यायची होती. लॉरीवाल्यांचा नियम कडक आहे. मालात घाण निघाली तर सगळी खेप परत, आणि अशी तीनदा परत गेली तर त्या शेडला लॉरी बंद. आमच्या दोन खेपा पूर्वी परत गेलेल्या. एकदा शेडचा पत्रा गळून कागद भिजला होता, एकदा कुणीतरी रंगाचा अर्धा भरलेला डबा मालाखाली ढकलून दिला होता. तिसऱ्यांदा तसे झाले तर शेडला कुलूप आणि पुन्हा खाण, पुन्हा धूर, हे गल्लीतल्या लहान मुलालाही माहीत होते.

सकाळी भाऊ कागदाचे गठ्ठे पोत्यात भरत होते. गठ्ठा नीट बसावा म्हणून ते उजव्या हाताने दाबतात. एक गठ्ठा दाबला आणि काच कागदातून वर आली. पहिली दोन बोटे चांगलीच कापली. कागदावर रक्त, कागदात काच. लॉरीवाल्याने पोते उघडून पाहिले आणि मान हलवली. खेप गेली नाही.

त्या वेळी एकोणीस नंबरमध्ये नव्याने राहायला आलेली नर्स रात्रपाळी संपवून घरी येत होती. तिने तिथेच बाकावर बसवून भाऊंची बोटे आपल्या रुमालाने घट्ट बांधली आणि त्यांना स्वतः दवाखान्यात नेले. पाच टाके पडले. तीन आठवडे हात पाण्यात घालायचा नाही, काही उचलायचे नाही.

दुपारपर्यंत गल्लीने गुन्हेगार शोधून काढला होता. तो म्हणजे तीच नर्स. ती पहाटे अंधारात पिशव्या ठेवून जाते, तिला इथल्या पद्धती माहीत नाहीत, रुग्णालयातली काच आणून टाकत असेल, असे सतरा नंबर सगळ्यांना सांगत होते. मीही ऐकले. मी काही बोलले नाही. तिच्या घरासमोरून जाताना गल्लीतल्या दोघींनी माना वळवल्या, तेही पाहिले. वहीत लिहिले: भाऊंच्या हाताला काच लागली. खेप परत. रविवारी सभा. माझ्याकडून काही होण्यासारखे असेल असे मनातही आले नाही. माझे गठ्ठे तर सेक्रेटरी इतरांना नमुना म्हणून दाखवतात.

रविवारी सकाळी गुडघ्याचे मलम कधी आणले ते बघायला वही उघडली. अकरा तारखेचे पान समोर आले. चार गठ्ठे झाले. पाच गठ्ठे नेऊन ठेवले. मी दोनदा वाचले. मग खुर्चीवर बसून तिसऱ्यांदा.

फुटकी काच उघडी टाकू नये, उचलणाऱ्याच्या हाताचा विचार करावा, हे सिस्टरांनी आम्हाला शिकवले होते. चार पदर, चारी कडा आत, आडवी-उभी दोरी, वर चपटी गाठ आणि तिला एक छोटा फास. मी बरणीच्या काचा तशाच बांधल्या. रद्दीचे गठ्ठेही तसेच बांधले. सगळे एकाच स्टुलावर रचले. इतके नीट, इतके एकसारखे, की संध्याकाळी पिशवीत भरताना मलाच फरक कळला नाही.

चप्पल घालून तडक भाऊंकडे गेले. ते डाव्या हाताने चहा पीत होते. मुलगी आत कपड्यांना इस्त्री करत होती.

"भाऊ, तो गठ्ठा माझा होता."

त्यांनी कप खाली ठेवला. "माहीत आहे, वहिनी."

"कधीपासून?"

"लागलं तेव्हापासून. तशी गाठ आपल्या गल्लीत दुसरं कोण मारतं? डॉक्टर टाके घालत होता आणि मी मनात ती गाठ सोडवत बसलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुम्ही मुद्दाम थोडंच केलं. आणि खणात काय पडलं ते बघणं माझं काम. चूक छापली गेली की जुळाऱ्याचीच असते."

आतून मुलगी म्हणाली, "काकू, त्यांना विचारून उपयोग नाही. स्वतःच्या मुलीला गणित सांगितलं नाही, तुमचं कुठलं सांगणार."

"पण भाऊ, सगळे त्या नर्सचं नाव घेतायत."

गुरुवारपासून ते घराबाहेर पडलेच नव्हते. नर्सवरचा आळ त्यांना कुणी सांगितला नव्हता. त्यांनी बांधलेल्या बोटांकडे पाहिले. "जिने रक्त थांबवलं, तिचं?" मग उठायला लागले. "चला. मी सांगतो सभेत, माझी नजर चुकली म्हणून."

"नजर चुकायला तुम्ही होता कुठे तिथे? तुम्ही दातवाल्याच्या खुर्चीत होता. माझ्या वहीत लिहिलंय."

मुलगी इस्त्री बाजूला ठेवून हसत बसली. भाऊंनाही हसू आले, पण ते त्यांनी चहात बुडवले.

सभा सेक्रेटरींच्या पोर्चमध्ये होती. नर्स मागे भिंतीला टेकून उभी होती, झोप न झालेल्या डोळ्यांनी. सेक्रेटरी प्रस्तावना करायला लागले, तेव्हा मी वही घेऊन उभी राहिले आणि म्हटले, आधी मला दोन मिनिटे द्या. आणि अकरा तारखेची नोंद वाचली. अक्षर न अक्षर, गुडघ्यासकट. मला वाटले होते त्यापेक्षा सोपे गेले ते. जे झाले तेच वाचायचे होते.

सेक्रेटरी म्हणाले, "काकू, तुम्ही? अहो, तुमचे गठ्ठे तर..."

"हो. म्हणूनच कुणी उघडून पाहिला नाही."

मग मी नर्सकडे वळून तिची माफी मागितली. तीन दिवस मी ऐकत होते आणि गप्प होते, हेही सांगितले. ती भिंतीपासून पुढे आली. मग म्हणाली, "आजी, बांधलं मात्र छान होतं. आमच्या वॉर्डात पट्ट्या बांधायला तुमच्यासारखं कुणी हवंय."

सगळे हसले. सतरा नंबर हसले नाहीत, पण सभा संपल्यावर त्यांनी तिला स्वतः हाक मारून खुर्ची दिली, हे मी पाहिले आणि लिहून ठेवले आहे.

सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी गावाच्या कार्यालयात फोन लावला. तिकडचे उत्तर आले की चूक कळवली म्हणून एक संधी मिळेल. सत्तावीस तारखेची खेप पूर्ण उघडून तपासतील. स्वच्छ निघाली तर शेड चालू राहील. एक जरी भलती वस्तू निघाली तर लॉरी बंद.

आणि भाऊंचा उजवा हात गळ्यात.

मी म्हटले, "हात माझे घ्या. खण तुम्ही सांगा."

"वहिनी, तुमचं वय..."

"माझ्या वयाचं मी बघीन. तुम्ही बाकावर बसा."

असे दहा दिवस दुपारी आम्ही बसलो. नर्स झोप झाली की येऊन जड पोती सरकवायची. भाऊ काठीच्या टोकाने दाखवायचे आणि मी उचलायचे. मला वाटत होते मला सगळे येते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याच दुधाच्या पिशव्या परत केल्या.

"धुतल्यात चांगल्या. वाळवल्या नाहीत. ओलं गेलं की बुरशी."

चहाचे कागदी पेले कागद नसतात, आतून त्यांना प्लास्टिकचे अस्तर असते, हे कळले. डब्याचे झाकण कोणत्या धातूचे ते नखाने वाजवून ओळखायला शिकले. ते नुसते बघत शिकवायचे, माझा हात करत शिकायचा. एकदा मी एक गठ्ठा न उघडताच पुढे सरकवला तर काठी आडवी आली.

"उघडा."

"माझाच आहे, भाऊ."

"म्हणून तर."

गाठीविषयी मी त्यांना विचारले, की ती आता मारू की नको. ते म्हणाले, "गाठ राहू दे, सुंदर आहे. फक्त कडा आत दुमडू नका. आत काय आहे ते बाजूने दिसलं पाहिजे."

शाळेपासूनची सवय. कडा आपोआप आत वळायच्या, मी पुन्हा बाहेर काढायचे.

सत्तावीस तारखेला लॉरी साडेनऊला आली. लॉरीवाल्याबरोबर कार्यालयातली एक मुलगी होती, हातमोजे आणि यादी घेऊन. तिने जमिनीवर ताडपत्री अंथरली आणि पोती एकामागून एक ओतायला लावली. डबे, पिशव्या, काच. गल्लीतले निम्मे लोक काही ना काही निमित्ताने बाहेर उभे होते. सतरा नंबर तर अर्धा तास एकच कुंडी पुसत होते. शेवटी कागद. तिने मधलाच एक गठ्ठा उचलला. माझा होता. ती गाठ ओढू लागली, सुटेना.

बाकावरून भाऊ म्हणाले, "जोर लावू नका, ताई. छोटं टोक ओढा."

तिने ओढले. गाठ एका झटक्यात सुटली आणि वर्तमानपत्रे पसरली. वर्तमानपत्रे, फक्त वर्तमानपत्रे. तिने ती शेवटपर्यंत चाळली. नंतर आणखी सहा गठ्ठे उघडले. मग हातमोजे काढले आणि यादीवर सही केली.

लॉरीवाला पोती चढवताना म्हणाला, "काका, बोटं बरी झाली की सांगा. मला वाटलं होतं आज इथली शेवटची फेरी."

"मलाही," भाऊ म्हणाले.

लॉरी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी ते बाकावरच बसून होते. मी आभार मानायला गेले. गठ्ठ्याचे, गप्प बसण्याचे, चष्म्याच्या घराचे, खिडकीचे. सगळे एकदमच बोलायला गेले. त्यांनी डावा हात हलवला.

"मंगळवारी माझे टाके काढायचेत," ते म्हणाले. "त्या दिवशी शेड तुम्ही उघडा. किल्ली पोरीकडे आहे."

घरी येऊन हात धुतले, चहा केला, ह्यांची खुर्ची खिडकीपाशी ओढली. कावळे होते. मग नोंद लिहिली.

गुरुवार, २७ मार्च. उजवा गुडघा दुखतो, वाकण्यामुळे. खेप गेली. मंगळवारी शेड उघडायची. फुटक्या काचेसाठी बेसिनखाली पत्र्याचा डबा ठेवला, त्यावर 'काच' असे लिहिले. साडेसातला खिडकी लावली. डास.